फेरेटांसाठी खोली

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मागच्या खोलीचं दार चार बोटं उघडं दिसलं. आत कूलर चालू होता. पलंगाच्या दांडीला टांगलेल्या कापडी झोळीत एकच फेरेट झोपलेलं होतं. दुसरं नव्हतं.

गुरुवार, १९ मे. बाहेर पंचेचाळीस अंश होते.

दार आधी माझ्या मुलीने, ऋजुताने पाहिलं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. ती ओरडली नाही. आत गेली, झोळी चाचपली, पलंगाखाली टॉर्च मारला, कोपऱ्यातल्या गोधड्या एकेक करून झटकल्या आणि मग हॉलमध्ये येऊन माझ्या खाटेपाशी उभी राहिली.

“बाबा, शेव नाहीये.”

मी झोपेत होतो. मला आधी वाटलं, ती खायच्या शेवेबद्दल बोलते आहे. मग उठलो.

याला आता नऊ वर्षं होतील.

मंजिरी आणि मी वेगळे झालो तेव्हा ऋजुता दहा वर्षांची होती. मंजिरी तिला घेऊन पुण्याला गेली, मी नागपूरला राहिलो. दर मे महिन्यात मुलीने तीन आठवडे माझ्याकडे यायचं, असं ठरलं होतं. पहिल्या वर्षी ती एकोणीस दिवस राहिली. दुसऱ्या वर्षी पाचव्या दिवशी तिने स्वतःच आईला फोन करून बोलावून घेतलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, “तसं काही नाही. इथे काहीच नसतं.” त्याच सुट्टीत ती मला ‘तू’ऐवजी ‘तुम्ही’ म्हणायला लागली.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मंजिरीचा फोन आला.

“या वर्षी ती येईल, पण त्या दोघींना घेऊन. त्यांची नीट सोय झाली तर राहील. नाही झाली तर मी तिला थांब म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस.”

“कोण दोघी?”

“शेव आणि चकली. तिची फेरेटं. बहिणी आहेत.”

फेरेट हा प्राणी मी पाहिलेला नव्हता. मुंगसासारखा लांबट, मांजरासारखा मऊ, डोळ्यांभोवती काळसर पट्टा. थंड मुलखातला. दिवसाचे चौदा तास झोपतो आणि उरलेल्या दहा तासांत जिथे जाऊ नये तिथे जातो. अठ्ठावीस अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो, तिशीच्या पुढे तो मरूही शकतो. हे सगळं ऋजुताने मला मेसेज करून कळवलं. त्याआधीच्या वर्षभरात तिने मला जेवढे मेसेज केले होते, त्याहून जास्त त्या आठवड्यात केले. खोली अंधारी हवी. झोळी हवी, खाली गोधड्या हव्यात. रबराची एकही वस्तू नको, त्या चावून गिळतात. खोलीचं दार कायम बंद हवं. आणि फटी नकोत. शेवटच्या मेसेजच्या खाली तिने पुन्हा लिहिलं होतं: ‘बाबा, फटी खरंच नकोत.’

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. पहिल्या पानावरचा कमाल-किमान तापमानाचा चौकोन रोज मी भरत असे. घर भाड्याचं होतं, तळमजल्यावरचं, तीन खोल्यांचं. वायरिंग जुनी असल्यामुळे एसी चालणार नव्हता. मी तीन थर्मामीटर आणले, तीन खोल्यांत टांगले आणि अकरा दिवस सकाळी आठ, दुपारी बारा, तीन आणि संध्याकाळी सहा अशा नोंदी केल्या. हॉल पश्चिमेला होता, तो बाद झाला. स्वयंपाकघर मधलं, पण त्यात गॅस. मागची खोली उत्तरेला होती, खिडकीबाहेर कडुनिंब होता, आणि तिथे दुपारी तीन वाजता कूलर लावून सत्तावीस अंश मिळत होते. ती माझी झोपायची खोली होती. मी माझी खाट हॉलमध्ये हलवली आणि पलंग त्यांच्यासाठी ठेवला.

कूलरच्या तिन्ही ताट्यांत नवं गवत भरलं, एका ताटीत वाळा. लाइट गेली तर म्हणून पाण्याच्या सहा बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवल्या, बाटल्यांवर चढवायला जुने मोजे धुऊन ठेवले. कूलर आणि खिडकी यांच्यामधल्या जागेत नागपुरात लोक पुठ्ठा कोंबतात. मी प्लायवुड कापून खिळ्यांनी ठोकलं. दाराखाली लाकडी पट्टी मारली.

वरच्या मजल्यावर घरमालकीण ठवरे काकू राहायच्या. दुपारी उन्हातून उतरून त्या माझं काम बघायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

“काय करून राहिले जी?”

“फटी बुजवतोय.”

“उंदरं झाले का?”

“नाही. पाहुणे येणार आहेत. ते बाहेर जाऊ नयेत म्हणून.”

“पाहुणे बाहेर जाऊ नये म्हणून खिळे ठोकता?” त्यांनी पदराने कपाळ पुसलं. “एवढी अक्कल बायको जायच्या आधी सुचली असती तर.”

मी फेरेटांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कूलरकडे पाहिलं.

“आन् कूलर लावून दार बंद ठेवान? घुसमटतीन ना जी ते. हवा जाईन कुठून?”

“मुलीने सांगितलंय. दार बंदच.”

“मंग ठेवा बाप्पा,” काकू म्हणाल्या. “लेकीचं ऐकाच.”

शनिवारी, चौदा तारखेला सकाळी त्या आल्या. मंजिरी स्टेशनवरूनच परतीच्या गाडीकडे गेली. ऋजुताने पिंजरा माझ्या हातात दिला नाही, मांडीवरच ठेवला, रिक्षात आणि नंतर घरातही. मग तो हॉलच्या सावलीत ठेवून ती मागच्या खोलीत गेली आणि गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेने सरकत निघाली. प्रत्येक सांध्यापाशी ती उजव्या हाताची दोन बोटं आत घालून बघत होती.

“दोन बोटं कशाला?”

“माझी दोन बोटं गेली की तिचं डोकं जातं. डोकं गेलं की सगळी जाते.”

भिंतीतल्या कपाटाची खालची फळी भिंतीपासून सुटलेली होती. तिथे तिची बोटं आत गेली. अकरा दिवसांत ती फट मला दिसली नव्हती. मी हातोडी आणली, तिने पट्टी धरली, मी खिळा मारला. तिने पुन्हा बोटं घालून पाहिली. थर्मामीटर वाचला. झोळी दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

“चालेल,” ती म्हणाली.

तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंघोळीला गेली होती, आणि मी आत जाऊन पाहिलं तर चकली झोळीच्या बाहेर अर्धी लोंबत होती. हाक मारली, हलली नाही. उचलली, तर ओल्या टॉवेलसारखी हातावर पडली, मान एकीकडे. मी तिला घेऊन न्हाणीघराच्या दारापाशी उभा राहिलो. काय सांगायचं, याची वाक्यं मनात लावत होतो. ऋजुता केस बांधत बाहेर आली, तिने माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि हसायला लागली. खाली बसून हसली.

“बाबा, त्या अशाच झोपतात. मेल्यासारख्या. आईने एकदा डॉक्टरला बोलावलं होतं.”

“मग उठवायचं कसं?”

“नाकाशी खायचं काहीतरी धरायचं.”

मी एका हाताने, त्यांना द्यायच्या मांजरांच्या खाण्याच्या डब्यातला दाणा काढून धरला. चकलीने डोळे न उघडता तो खाल्ला. ऋजुता परत हसली. या घरात तिचं हसणं मी त्याआधी दोन वर्षं ऐकलं नव्हतं.

त्यानंतर घरात बोलण्यासारखं काहीतरी रोज असायचं. शेवने माझ्या चष्म्याचं घर पळवून पलंगाखाली ठेवलं. चकलीने एक मोजा. संध्याकाळी उठल्या की दोघी पाठ कमानीसारखी वर करून आडव्या उड्या मारत आणि भिंतीवर आपटत. आम्ही दोघं पलंगावर पाय वर घेऊन बघत बसायचो. बुधवारी, पाचव्या दिवशी, जेवताना तिने माझ्या ताटात पोळी वाढली आणि म्हणाली, “तू खाऊन घे, मी त्यांना बघते.” मी मान खाली घालून जेवलो. जेवणानंतर तिने आईला फोन केला. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होतो.

“आई, मी पाच जूनपर्यंत राहते. हो. नाही, थंड आहे खोली. सत्तावीस. हो, बाबांनी केलीय.”

तो बुधवार. पुढचा दिवस गुरुवार.

चार वीसनंतर आम्ही आधी घर पाहिलं. मागच्या खोलीचं दार हॉलमध्ये उघडतं, हॉलला लागून मोरी. त्या खोलीबाहेरच्या फटी मी बुजवल्या नव्हत्या, कारण त्या दोघी खोलीबाहेर येणारच नव्हत्या. मोरीच्या भिंतीतल्या, पाणी बाहेर जायच्या भोकावरची जाळी एका बाजूने वर उचललेली होती. ऋजुताने त्यात दोन बोटं घातली. मग तीन. ती तशीच अनवाणी अंगणात धावली. मी तिच्या चपला घेऊन मागे गेलो. फरशीवर पाय ठेववत नव्हता.

ठवरे काकू वरच्या गॅलरीत वाळवण उचलत होत्या.

“काकू, आमचं फेरेट दिसलं का कुठे?” मी विचारलं.

“कसं असते जी ते?”

“मुंगसासारखं. फिकट रंगाचं.”

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“ते मुंगूस नव्हतं का? पावणेचारला गेलं ना, त्या तारेखालून. गोरंगोमटं. मी हात जोडले त्याले. दुपारचं मुंगूस दिसलं म्हणजे चांगलं असते.”

“तुम्ही हाक का नाही मारलीत?” ऋजुताने विचारलं.

“मुंगसाले कोणी हाक मारते का, बाई?”

मग त्यांना कळलं. त्या छत्री घेऊन खाली आल्या आणि त्या वयात, त्या उन्हात, कुंपणापलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये वाकून वाकून बघत फिरल्या. ऋजुता मोज्यात दाणे घालून तो खुळखुळवत होती, कारण त्या आवाजाला शेव यायची. मी गोठलेल्या बाटल्या घेऊन मागे चालत होतो. सापडली तर ताबडतोब गार करायला हवी होती. पाच वाजता बाटल्यांतला अर्धा बर्फ वितळला. साडेसहाला त्यांत फक्त पाणी होतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानेही सांगितलं की मुंगूस गेलं, नाल्याच्या अंगाला. त्यानेही हात जोडले होते.

दिवस मावळल्यावर आम्ही पायरीवर बसलो. ऋजुताने मोजा मांडीवर ठेवला होता.

“मी दोन वाजता बाहेर आले,” ती म्हणाली. “कडी लावली होती असं वाटतंय.”

मी हातातल्या बाटल्या पायरीवर ठेवल्या.

“माझ्या हातात त्यांची ताटली होती. मग मी पायाने दार ओढलं असेल.” तिने मोजा उचलून परत मांडीवर ठेवला. “नसेल लावली मी कडी.”

“होतं असं,” मी म्हणालो.

शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही पहाटे आणि संध्याकाळी शोधत राहिलो. काकूंनी गल्लीतल्या प्रत्येक कुंपणापाशी पाण्याची परळं ठेवली. आत चकली झोपायची नाही. झोळीत चढायची, उतरायची, दाराखालच्या पट्टीला नाक लावून बसायची. शनिवारी मंजिरी आली. रविवारी त्या गेल्या. स्टेशनवर मी ऋजुताला म्हणालो, पुढच्या वर्षी मी मोरीही नीट करून घेईन. ती म्हणाली, “तुमची काही चूक नाही, बाबा.” मग पिंजऱ्यावरचं कापड नीट केलं आणि आत जाऊन बसली. गाडी सुटेपर्यंत मंजिरी दाराशी उभी होती, ऋजुता नव्हती.

चकली सप्टेंबरात गेली. हे मला मंजिरीकडून कळलं. पुढच्या मेमध्ये ऋजुताचे क्लास होते, त्याच्या पुढच्या मेमध्ये परीक्षा. दिवाळीत दोन दिवस येऊन जायची. मागच्या खोलीत झोपायची नाही, हॉलमध्ये झोपायची. मी परत माझ्या खोलीत गेलो. दाराखालची पट्टी तशीच राहिली.

एकदा मंजिरीने फोनवर विचारलं, “तिकडे असताना ती दारांचं काही करते का?”

“काय करते?”

“इथे रात्री तीन-तीनदा उठून कड्या बघते. बाहेर निघालो की जिन्यातून परत जाते. मैत्रिणी चिडवतात तिला. मी विचारलं तर म्हणते, मला लक्षात राहत नाही, मी लावली की नाही ते.”

“वय आहे,” मी म्हणालो.

आता त्या दाराबद्दल.

दोन वाजता ऋजुताने कडी लावली होती. मला हे माहीत आहे, कारण तीन वाजता ती मी काढली. कूलरची टाकी रोज दुपारी तीनला भरावी लागे. बाहेरच्या नळाला पाइप लावून मी टाकी भरली, आणि आतली हवा कशी आहे ते बघायला खोलीत गेलो. दोघी झोळीत एकमेकींवर पडून झोपल्या होत्या. पण खोली दमट झाली होती. चादर हाताला ओलसर लागली, खाली अंथरलेला पेपर मऊ पडला होता. हवेला जायला वाट नव्हती. कूलरसमोरचं दार थोडं उघडं ठेवायचं, हे नागपुरात कुणी शिकवत नाही. आई ठेवते, म्हणून आपण ठेवतो. माझा हात चाळीस वर्षं ते करत आला होता. बाहेर येताना मी दार चार बोटं उघडं ठेवलं, दहा मिनिटांसाठी. त्यांना बरं वाटावं म्हणून. तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. मी रजेवर होतो तरी तापमानाच्या चौकोनाचं विचारायला मलाच फोन करायचे. दोन-तीन मिनिटं बोललो, खाटेवर टेकलो, आणि झोप लागली.

पायरीवर ती म्हणाली, ‘नसेल लावली मी कडी’, तेव्हा माझ्याकडे वाक्य तयार होतं. ते बोललो तर ती दुसऱ्या दिवशी निघून जाईल, असं मला वाटलं. ती तशीही तिसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर प्रत्येक दिवाळीत ते वाक्य आणखी एक वर्षाने जुनं झालेलं असायचं.

ऋजुता आता बावीस वर्षांची आहे. बंगळूरला नोकरी करते, मार्चमध्ये तिने स्वतंत्र घर भाड्याने घेतलं. या महिन्याच्या चार तारखेला, रविवारी सकाळी तिचा फोन आला.

“बाबा, पंधरा दिवस या इकडे. रिटायर होऊन करता काय तिथे? उन्हात बसता?”

“येईन की.”

“येईन की नाही, तिकीट काढलंय. बारा तारखेचं. तुम्हाला एक वेगळी खोली आहे, मी सोय करून ठेवलीय. काय काय हवं सांगा. अंधार हवा? झोळी टांगू?”

ती हसत होती. मीही हसलो.

“पंखा असला म्हणजे झालं,” मी म्हणालो.

“एसी आहे. पण हे बघा, दार बंद करून झोपायचं. तुमच्यासारखं चार बोटं उघडं ठेवायचं नाही.”

तिने हे कधी पाहिलं होतं, एखाद्या दिवाळीत की त्या गुरुवारी, हे तिच्या आवाजावरून कळत नव्हतं.

“बाबा? ऐकताय ना?”

“हो,” मी म्हणालो. “बंद ठेवीन.”

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी तिला मेसेज केला. ‘१९ मेला तू कडी लावली होतीस. तीन वाजता दार मी उघडं ठेवलं. तू पायरीवर बोललीस तेव्हा मी सांगितलं नाही. नंतरही सांगितलं नाही.’ पाठवायच्या आधी तीनदा वाचला. त्यात काही चूक नव्हती.

आठ चौदाला दोन्ही खुणा निळ्या झाल्या. त्यानंतर तिच्याकडून काही आलेलं नाही. बुधवारी मी एकदा फोन केला, तो उचलला गेला नाही. मंजिरीला विचारलं नाही.

आज शुक्रवार आहे. तिकीट तिने तिच्या खात्यावरून काढलेलं आहे, रद्द करायचं झालं तर तिथूनच होईल. सकाळी सात वाजता मी तिकिटाचा नंबर टाकून पाहिलं. कन्फर्म आहे.